पहिल्या दिवसाचे डोळे

सोमवार, १० नोव्हेंबर

पोचले एकदाची! वाईहून सातारा, साताऱ्याहून सांगलीची एसटी, आणि सांगलीच्या स्टँडवर संस्थेची जीप हजर. आईने दिलेला लाडवांचा डबा कराड येईपर्यंत अर्धा झाला होता. उरलेला कपाटात कपड्यांमागे लपवलाय, कारण इथे स्वयंपाक करणाऱ्या बनुबाईंना दुसऱ्याच्या डब्याचा वास लगेच लागतो असं जीपवाल्या पायगोंडांनी वाटेतच सांगून ठेवलं.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे साखर कारखान्याचं जुनं विश्रामगृह. तिन्ही बाजूंना ऊस आणि मागे कृष्णा. आमच्या घाटावरचीच कृष्णा, पण इथे येईपर्यंत चांगली भरलेली आणि सुस्तावलेली. गावाकडची बाई परगावात भेटावी तसं वाटलं. मी मुद्दाम काठावर जाऊन पाय बुडवून आले.

काम माझ्या आवडीचं आहे. ऊस तोडताना पात्याची धार डोळ्याला लागते, त्या जखमेत बुरशी शिरते आणि बुबुळावर पांढरा डाग वाढत जातो. लोक म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. नाव गोड, पण माणूस आंधळा होतो. इथल्या बुरशीला बाजारातली औषधं दाद देत नाहीत, म्हणून नवे थेंब तयार करायचं काम चाललंय. ते चालवतात संयोगिता मॅडम. कॉलेजात त्यांनी मला शिकवलं आणि आता एवढ्या पोरांमधून मलाच बोलावून घेतलं. आल्या आल्या त्यांनी बजावलं की इथे मॅडमबिडम चालणार नाही, ताई म्हणायचं. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, प्रियदर्शनी, तुझे डोळे किती स्वच्छ आहेत गं! मी लाजले चक्क.

संध्याकाळी मात्र माझी फजिती झाली. फाटकातून पायगोंडा ओरडले, "आवं ताई, डोळं आलं!" मी शहाणी. लगेच गॉगल चढवला, लांबूनच त्यांना हात धुवायला सांगितलं, डोळे चोळू नका म्हणून दटावलं. ते बिचारे थर्मोकोलचा खोका छातीशी धरून माझ्याकडे बघतच राहिले. खोक्यात नेत्रदानातले डोळे होते. जे कुणाला बसवता येत नाहीत ते अभ्यासाला इथे येतात. तर या घरात डोळे आले म्हणजे खोका आला! बनुबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. जेवतानाही त्यांचं तेच चाललं होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज शेजारच्या गावात तपासणी शिबिर. एका मावशीने डोळ्यात एरंडेल घातलेलं, दुसरीने घरचं काजळ. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. घरचं काजळ म्हणजे डोळ्यात घाण, कितीही मायेने घातलं तरी घाणच, असं छान भाषण ठोकलं. ताई मागे उभ्या राहून कौतुकाने ऐकत होत्या.

परतताना मात्र त्या खिडकीबाहेर उसाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या की आपल्याकडे सगळे उशिराच येतात. फूल पडल्यावर, वास यायला लागल्यावर. थेंब पहिल्या दिवसापासून घातले तर काय होईल हे कळायला पहिल्या दिवसाचा डोळा लागतो, आणि तो काही मिळत नाही. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मलाच वाईट वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुट्टी. न्हाऊन केस वाळवत बसले होते तर ताई हातात चांदीची डबी घेऊन आल्या. काजळ! तुपाचा दिवा लावून, वर पितळी ताटली धरून त्यांनी स्वतः काजळी धरली होती. मी हसायलाच लागले. म्हटलं, ताई, परवा मीच एवढी बडबडले आणि आता हे? तर म्हणाल्या, मी तुला लेक मानते, लेकीला आईचं काजळ चालत नाही का?

झालं! सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी गुंडाळून ठेवली आणि मान वर केली. त्यांनी हनुवटी धरून दोन्ही डोळ्यांत बोट फिरवलं, उरलेल्याची कानामागे तीट लावली. माझीच दृष्ट लागायची तुला, म्हणाल्या. काजळ थोडं खरखरीत लागलं. त्यांनी सांगितलं की नीट गाळायचं राहिलं असेल. आरशात बघितलं तर बरी दिसत होते की!

बुधवार, १९ नोव्हेंबर

काजळ आता रोजचंच झालंय. सकाळी चहाच्या आधी ताई बोलावतात. आज बनुबाईंनी दारातून ते बघितलं आणि तव्यावरची भाकरी करपवली. नंतर भांडी आवरताना म्हणाल्या, "रेश्माबी अशीच बसायची ताईंच्या म्होरं." कोण रेश्मा, म्हणून विचारलं. माझ्या आधी माझ्याच खोलीत राहणारी मुलगी. ती कुठे गेली? "लगीन झालं तिचं." एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. बनुबाईंच्या एका डोळ्यात फूल आहे. दुसरा ताईंनी वाचवलाय. त्या माझ्याकडे बघत होत्या ते कुठल्या डोळ्याने, तेच मला कळेना.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळपासून डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं खुपतंय. ऊसतोड सुरू झालीय, पाचटाची धूळ असणार. कुणाला बोलले नाही. ताईंना आधीच पुष्कळ व्याप.

दुपारी त्यांच्या खोलीवरून जाताना त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. आवाज आनंदाने फुटत होता. "आले! पहिल्या दिवसाचे डोळे आले शेवटी!" मला कोण आनंद झाला. खोका उतरवून घ्यायला फाटकाकडे पळतच गेले. पायगोंडा शेंगा फोडत बसले होते. त्यांना म्हटलं, द्या खोका. तर म्हणाले, "आज गाडीच न्हाई आली की." मी त्यांची थट्टा केली, डोळे काय चालत आले का म्हणून. ते हसले नाहीत.

फ्रीज उघडून बघितला. जुनेच खोके. तोंड धुऊन आरशात पाहिलं तर दोन्ही डोळे लाल.

रविवार, २३ नोव्हेंबर

फार दुखतंय. उजेड सोसत नाही. ताई सारख्या उशाशी आहेत, सकाळ-संध्याकाळ स्वतः थेंब घालतात. उजव्या डोळ्यासाठी निळ्या टोपणाची बाटली, डाव्यासाठी पांढऱ्या. निळीतलं झणझणून झोंबतं, पांढरीतलं गार लागतं. दोन बाटल्या कशाला, विचारलं. दोन डोळ्यांची गत वेगळी आहे, म्हणाल्या, आणि कपाळावरून हात फिरवला.

आईचा फोन आला. ताईंनी तिला आधीच कळवलं होतं. संसर्ग आहे, कुणी भेटायला येऊ नका. ताई जवळ आहेत म्हटल्यावर आई निश्चिंत झाली. मीही झाले होते.

पण काडीने डबीतलं थोडं काजळ प्रयोगशाळेतल्या बुरशी वाढवायच्या बशीत घालून ठेवलंय. उगवलं नाही तर माझी मला लाज वाटेल, आणि वाटलेली बरी.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उगवलं.

राखाडी कापूस, कडेला पिवळट झाक. आल्यापासून मी रोज हिलाच बघते आहे, भिंगाशिवाय ओळखते. उसाच्या पानावरची नाही ही. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातली आहे. आम्ही वाढवलेली.

आणि बाटल्या. प्रयोगशाळेत आम्ही काय करतो? दोन बशांत तीच बुरशी. एकीत औषध. दुसरीत नुसतं पाणी.

उजवा निवळतोय. डाव्यात पांढरा ठिपका आलाय. फूल.

खोका आलाच नव्हता. मीच आले होते. एसटीने. लाडू खात.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

विचारलं तिला. आता 'त्यांना' लिहवत नाही.

तिने नाकारलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. तोडकऱ्यांचे किती डोळे जातात ते तूच बघितलंस, म्हणाली. उजवा वाचतोय, म्हणजे औषध लागू पडलं, आनंद नाही होत तुला? स्वतःच्या डोळ्यात का नाही घातलं, असं मी किंचाळले. तर तिचे डोळे मोतीबिंदू काढलेले आहेत. चालत नाहीत. स्वच्छ डोळेच लागतात. हे बोलताना ती रडत होती. खरं रडत होती. मला तिची किळस आली, आणि तरी तिने जवळ घ्यावं असंही वाटलं. हे कुणाला सांगू?

रोज लिहीत जा म्हणाली, अक्षर दिसतंय तोवर.

बनुबाईंचे पाय धरले. त्यांना सगळं माहीत होतं. "तिच्यामुळं मला ह्यो एक डोळा हाय, पोरी. म्या काय बोलणार?" रेश्माचं लग्नबिग्न काही झालेलं नाही. वडूजकडे आईबापांच्या घरी असते. बसून.

रविवार, ३० नोव्हेंबर

आईला सांगितलं. सगळं सांगितलं. आई म्हणाली, असं बोलू नये गं, त्या किती करतात तुझं. तापात मी भलतंसलतं बोलते हे ताईंनी तिला आधीच सांगून ठेवलंय. घ्यायला ये म्हटलं. ताईंना विचारून बघते म्हणाली.

ताईंना विचारून.

डावा गेल्यातच जमा. निळी बाटली हाती लागली की दोन्ही डोळ्यांत घालणार.

सोमवार, १ डिसेंबर

निळी मिळाली. दोन्हीत घातली —

झोंबलं नाही. गार लागलं.

निळीतही पाणी. म्हणजे औषध बंद केलंय. ती शांतपणे म्हणाली, थांबवल्यावर फिरून वाढतं का, तेही बघायला हवं ना.

उजव्यात — धुकं —

गुरुवार

तारीख माहीत नाही. ओळी एकमेकींवर चढत असतील. बोट ठेवून लिहिते.

पायगोंडा आले होते. खिडकीशी. हळू आवाजात. ताई उद्या सांगलीला मीटिंगला जाणार. मागच्या दाराने नेतो, मिरजेला मोठ्या दवाखान्यात. "माझी बी लेक हाय तुमच्याएवढी. न्हाई बघवत, आवं." मी त्यांचा हात धरून रडले. उजव्याला अजून उजेड कळतो. वाचेल. वेळेवर पोचले तर एक तरी वाचेल.

शुक्रवार

जीपमध्ये आहे. वही मांडीवर. निघालो!

मळीचा वास, म्हणजे कारखाना गेला. ट्रॅक्टरवरची गाणी. ऊन गालावर — डाव्या. पायगोंडांना म्हटलं, बरी झाले की तुम्हाला आईच्या हातचे लाडू. त्यांनी गिअर बदलला.

मिरजेत डॉक्टरांना काजळाबद्दल आधी सांगायचं. मग रेश्माबद्दल. नीट, न रडता.

वळलो. खड्डे. हायवेला एवढे खड्डे?

ऊन आता उजव्या गालावर.

पायगोंडा, कुठे आलो — तीनदा विचारलं. ते नाक ओढतायत. रडतायत का? पुटपुटले काहीतरी. त्यांच्या लेकीचा डोळा — ताईंनीच वाचव —

नदीचा वास येतोय.

करपलेली भाकरी.

नाही

फाटकाची कडी वाजली. जीप थांबली. ते उतरले. ते ओरडतायत —

आवं ताई, डोळं आलं

पावलं. माझ्याकडे. हनुवटीखाली हात, तोच, किती मऊ —