गाणं कुणी थांबवायचं?

डेटन, ओहायो
मे १९८७

चि. लव्हेल यास,
थोरल्या थेरॉनचा आशीर्वाद. (घ्यायचा की नाही, ते तू ठरव.) इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे? ड्रम वाजवणाऱ्याने गुडघा जपावा, हे मी सांगत असे आणि तू ऐकत नसस.

परवा न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू होता. कुण्या पोराने आपल्या जुन्या रेकॉर्डवरचा माझाच बास उचलून त्यावर आपली रॅपची बडबड चिकटवली आहे! बास गिटार घेऊन मी गायकाच्याही पुढे उभा राहिलो, तेव्हा इथल्या वेस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या क्लबात लोक हसले होते. आता सगळे फंक बँडवाले तसेच उभे राहतात. पायंडा आपण पाडला, लोणी दुसऱ्यांनी खाल्लं. आपलं घोडं पेंड खायचं ते शेवटाला. रेकॉर्डवर शेवटी आवाज आपोआप बारीक होत जातो, त्यामुळे गाणं संपवायला आपण शिकलोच नाही. स्टेजवर मी बासची दांडी वर केली की सगळ्यांनी थांबायचं, एवढाच नियम. सिनसिनाटीच्या कार्यक्रमात तू म्हणालास, "दादा, आज मी थांबवतो." मी म्हणालो, "बँड कुणाचा?" झालं! मी दांडी वर केली, तू वाजवतच राहिलास. तू थांबलास, तर मी पुन्हा सुरू केलं. ट्रम्पेटवाला ओसी खाली बसला, लोक कोट घालून घरी गेले, शेवटी झाडूवाल्याने वीज बंद केली. (ड्रमला वीज लागत नाही, म्हणून तूच जिंकलास असं तू सांगत फिरतोस म्हणे.) तेव्हापासून बँड नाही आणि बोलणंही नाही. चांगला चाललेला संसार दोघांनी मिळून मोडला, याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
थेरॉन

ता. क. : खरं काम असं. येत्या रविवारी आईला पंच्याऐंशी पूर्ण होतात. "लव्हेल कुठे असतो रे?" असं तिने विचारलं की मी इतकी वर्षं "दौऱ्यावर" म्हणून ठोकून देत आलो. आता तिने अख्ख्या चर्चला सांगून ठेवलंय, माझी पोरं वाजवणार. ये बाबा. गाणं तूच थांबव.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं. म्हणाली, "दर शनिवारी फोन करतो तो मला. तू एकदा तरी खरं बोलला असतास, तर फोन तुझ्याच हातात दिला असता." या शनिवारी फोन मी उचलणार आहे. ठेवून देऊ नकोस.