सफरचंदाच्या पेटीतले एकवीस चिरूट

नवीन पनवेल,
८ डिसेंबर १९९१

ती. दाजी यांस,

बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा दुखत असल्यामुळे प्रत्यक्षात निम्माच घातला आहे. उरलेला आपल्या साठीला निपाणीस येऊन पुरा करीन.) आपली तब्येत, आशाताईचा दमा, परसातला फणस आणि वखारीतलं मांजर, सर्व ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आम्हीही ठीक. सौ. नीताची शाळेतली नोकरी चालू आहे, आईचे दात, जे आहेत ते, शाबूत आहेत, आणि तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो.

पत्राला उशीर झाला. गेले नऊ दिवस लिहायला बसतो आहे आणि नुसताच बसतो आहे. आपल्याला आठवत नसेल (मलाही आठवत नाही, तारीख तेवढी लक्षात आहे), गेल्या वर्षी भाऊबीजेला, सगळे ओसरीवर सुपारी कातरत असताना, आपण मला म्हणालात, "बाळू, तुझ्याच्यानं साधी विडी वळायची नाही, अन् चिरूट कसला वळतोस लेका! माझ्या साठीला एक घेऊन ये. इंचभर राख न मोडता उभी राहिली, तर भर पंगतीत उठून सांगेन की हा कारागीर आहे. नाहीतर जन्मभर विडीवाला म्हणेन." सगळे हसले. आशाताईही हसली, सख्खी बहीण असून. आपल्याच वखारीतली तंबाखूची पानं पिशवीत घालून मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं परत आलो, तो त्या पंगतीचा विचार करत. साठी पौषात. म्हणजे जेमतेम महिना उरला. म्हणून हे पत्र.

आधी पद्धत सांगतो, कारण तिथे हसणाऱ्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. मला तरी कुणी शिकवली? रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं, त्यात चिरूट कसा वळतात ते चित्रांसकट होतं. पुढे 'आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट' असं लिहून पान संपत होतं आणि पुढचं पान फाटलेलं होतं. तेव्हा सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी स्वतःच शोधून काढली. ती म्हणजे मुरवणं. वळणं काय, बोटांचं काम आहे. पानाची मधली शीर अशी काढायची की पान फाटता कामा नये, आतला गाभा असा बांधायचा की दाबला तर दबावा पण सोडला की पुन्हा उठावा, वरचं पान तिरकं, डावीकडून उजवीकडे, आणि टोकाला शिंगाड्याच्या पिठाची खळ. (गव्हाची नाही. गव्हाच्या खळीला मुंग्या येतात. पहिले अकरा चिरूट मुंग्यांनी नेले.) पण वळलेला चिरूट म्हणजे नुकतंच बारसं झालेलं पोर. त्याला नीट हवेत, नीट अंधारात वाढवावं लागतं.

आणि आमची हवा कशी, तर जून ते सप्टेंबर भिंतींना हात लावला तर हात ओला व्हावा, आणि मे महिन्यात नीताच्या हार्मोनियमला तडे जावेत. दुसऱ्या खेपेचे चौदा चिरूट गेल्या वर्षीच्या श्रावणात बुरशीनं हिरवे झाले. तेव्हा मी मिठाची युक्ती काढली. सफरचंदाची जुनी पेटी घेतली, देवदाराची (काश्मीरहून येतात त्या. नाक लावलं तर अजून बर्फाचा वास येतो, असं माझं मत आहे, नीताचं नाही). फटी मेणानं बुजवल्या. तळाशी वाटीत खडे मीठ, पाण्यानं चिखल होईल इतपतच भिजवलेलं. मग हवा कोरडी असली तर मीठ पाणी सोडतं, दमट असली तर ओढून घेतं. कंपनीनं मोडीत काढलेला आर्द्रतेचा काटा मी पेटीत ठेवला, तो वर्षभर पंचाहत्तराच्या इकडेतिकडे दोनापेक्षा जास्त हलला नाही. मीठ उरणकडचं, आमच्या खात्यातल्या सुदामच्या घरच्या मिठागराचं. तो म्हणाला, "भाऊ, मीठ आमी म्हावऱ्याला लावतो, इडीला नाय!" (म्हावरं म्हणजे मासळी.) मी त्याला शांतपणे समजावलं की मीठ पानाला लागतच नाही, वाटीतच राहतं. तो म्हणाला, "मंग लावता तरी कशाला?" (अशा लोकांत मी काम करतो.)

दाजी, आता खरं सांगतो, हसू नका. हे तेरा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे गेले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की हातपाय धुऊन मी पेटी उघडायचो. फक्त दीड मिनिट, जास्त उघडली तर काटा उतरतो. आपल्या पानांचे एकवीस चिरूट, तीन ओळींत सात सात, झोपलेल्या मुलांसारखे. आधी वास नुसता पानाचा होता. होळीच्या सुमारास त्यात लाकूड मिसळलं. पावसाळ्यात काही दिवस ओल्या गोठ्याचा आला, मी घाबरलो, पण तो गेला आणि मागे काहीतरी गुळासारखं, काकवीसारखं उरलं. मी डोळे मिटायचो आणि ते दीड मिनिट पनवेलात नसायचो. आपल्या ओसरीवर असायचो. जेवणं झालेली, आपण आरामखुर्चीत, मी चिरूट पुढे करतोय. आपण पहिला झुरका घेता. डोळे मिटता, डोकं मागे टेकवता, आणि डावा हात नुसता थोडा वर करता, 'थांब, बोलू नकोस' असा. बास. कारागीर वगैरे म्हणण्याच्या आधीचा तो क्षण. तेरा महिने तो चेहरा मी रोज पाहिला आहे. (तो आपला चेहरा आहे याची आपल्याला कल्पना नसेल.)

आता २९ नोव्हेंबर. त्या दिवशी बसमधून उतरलो आणि कोपऱ्यावरच थबकलो. वास. पान, देवदार, काकवी, आणि त्यावर धुराची एक पातळ साय. दाजी, मी पिशवी खाली ठेवून तिथेच उभा राहिलो. मनात म्हटलं, या वसाहतीत आपल्यासारखा आणखी एक आहे! आणि काय माणूस आहे! पान निदान वर्षभर मुरवलेलं, घाई नाही, हावरेपणा नाही. याच्याशी ओळख काढलीच पाहिजे. मी त्या वासाच्या मागे निघालो. आमच्या इमारतीशी वळलो. आपलाच शेजारी निघाला याचा आनंद झाला. जिना चढू लागलो. पहिला मजला, दुसरा मजला, वास दाट होत गेला, तिसऱ्या मजल्यावर मी त्या थोर माणसाच्या दाराशी उभा राहिलो आणि बेल वाजवायला हात वर केला, तर दारावर माझंच नाव.

आत आई, म्हणजे आपल्या सासूबाई, गॅससमोर पाटावर उभ्या होत्या. मंद आचेवर तवा, तव्यावर शेवटचे दोन चिरूट, आणि बाजूला परातीत अठरा चिरुटांचा काळा चुरा.

"बरं झालं आलास. तीनदा सांगितलं मशेरीला तंबाखू आण म्हणून," ती म्हणाली. (सांगितलं होतं. तीनदा. तिन्ही वेळा मी पेटीपाशी होतो आणि 'हो' म्हणालो होतो.) "शेवटी खाटेखाली हे सापडलं. कसल्या रे या लठ्ठ विड्या? पार सादळल्या होत्या. टाकायच्याच होत्या ना?"

मी परातीकडे पाहत राहिलो. शेवटी एवढंच म्हणालो, "आई, सादळल्या नव्हत्या. मुरत होत्या."

"मग मुरल्या की," आई म्हणाली. तिनं चुरा बत्त्यानं कुटला, बोटावर घेतला आणि हिरडीला लावला. खरं तर मी ओरडणार होतो, वाक्य तयार होतं. पण तिनं डोळे मिटले. डोकं मागे भिंतीला टेकवलं. आणि डावा हात नुसता थोडा वर केला.

गॅस मीच बंद केला.

"तुझे बाबा कोल्हापूरहून आणायचे," ती डोळे मिटूनच म्हणाली, "तसली आहे. त्यांच्यामागं नाही रे मिळाली कधी." मग, "नुसती एवढीशी खारट आहे."

(मीठ पानाला लागतच नाही. हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.)

असो. आशाताईस नमस्कार. ती हसली होती हे मी मनात ठेवलेलं नाही.

आपला,
बाळू

ता. क. - घाबरू नका. चिरूट एकवीस होते, आईला वीसच सापडले. एकविसावा मी दिवाळीनंतर पेटीतून काढून निरीक्षणासाठी काचेच्या बरणीत ठेवला, तो माझ्या कपाटात आहे. तोच आपल्यासाठी आणतो. पंगतीतलं भाषण तयार ठेवा.

ता. क. २ - तो पेटवून आपणच पाहायचा आहे. मी आजवर एकही ओढलेला नाही. मॅट्रिकला असताना एक विडी ओढली होती, त्यानंतरचं मला इतरांनी सांगितलं. पण याचा कारागिरीशी संबंध नाही. सोनार काही दागिने घालून फिरत नाही.

ता. क. ३ - मूळ काम राहिलंच. संक्रांतीच्या आत दोन किलो पान पाठवावं, त्याच वखारीतलं. एक किलो माझं, एक आईचं. तिचंही वर्षभर पेटीत मुरवूनच हवं, असा तिचा हुकूम आहे. जिन्यातल्या तीन बायकांनी नावं नोंदवली आहेत.

ता. क. ४ - पत्र चार दिवस टपालपेटीत टाकायचं राहिलं. दरम्यान आईची मशेरी संपली. (अर्धी तिनंच वाटली.) ती नुसती रिकामी डबी चमच्यानं खरवडत बसली होती. बरणी मीच उघडली. मंद आच, सात मिनिटं, चारदा उलटला. तेव्हा साठीला चिरूट नाही, मशेरीची डबी घेऊन येतो. राख एकसारखी आहे, पाहून घ्या. पंगतीत आपल्याला जे म्हणायचं ते म्हणा. विडीवाला म्हटलंत तरी चालेल. मला जे ऐकायचं होतं ते इकडे ऐकून झालं आहे.