तीन बोटं

२ मार्च
आज चुकले! इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. लेबर रूममधल्या पोरीला तपासलं आणि सांगून टाकलं — पिशवीचं तोंड तीनच बोटं उघडलंय, वेळ आहे अजून. मागोमाग सूनबाईने तपासलं. "मॅडम, पूर्ण उघडलंय." मी चहा ओतेपर्यंत बाळ बाहेर! दोघंही सुखरूप. झटकन उघडलं असेल, म्हणाली सूनबाई. दवाखान्यात मॅडम, घरी आई — दोन्हीकडे गोड बोलते.

झटकन वगैरे काही नाही. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झालीयत.

४ मार्च
ह्यांना एवढंच सांगितलं की मुंग्या येतात. डॉक्टरला दाखव म्हणाले. म्हटलं, मग मी काय भाजी विकते?

५ मार्च
गळ्यातल्या साखळीचा फासा लागेना. बाथरूममध्ये जाऊन रडले.

८ मार्च
शाळेतल्या बाई आल्या होत्या. पिशवीत गाठी आहेत. जिथे गेल्या तिथे एकच ऐकलं — पिशवी काढून टाका. मूल हवंय हो त्यांना! मी मागेच शब्द दिला होता, गाठी काढू, पिशवी ठेवू. इथे हे ऑपरेशन मीच करते. आत डोळ्यांपेक्षा बोटांचं काम — गाठ कुठे संपते, पिशवी कुठे लागते, चाचपून कळतं. जरा इकडेतिकडे झालं की रक्त थांबत नाही, मग पिशवी काढावीच लागते.

"तुमच्यावर सोडलंय, आता मी निश्चिंत," म्हणाल्या. सोळा तारखेचा सोमवार दिला. दिला मी! जीभ कशी झडली नाही माझी?

११ मार्च
गुपचूप नसांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, तोंडाला मास्क लावून. मानेत नस दबलीय. ऑपरेशनं आजपासून बंद, म्हणाले. त्यांचं काय जातंय सांगायला! हे काम सोडलं तर मी उरते कोण? घरात बसून ह्यांच्याशी भांडू?

१३ मार्च
सूनबाई सारखी माझ्या हातांकडे बघते. सोमवारी बरोबर उभी राहू का, म्हणे. आठवा महिना लागलाय, पाय सुजतायत, तरी हौस दांडगी. माझी खुर्ची हवीय तिला, दुसरं काय! मी अजून मेले नाही, म्हटलं.

संध्याकाळी तिची सोनोग्राफी झाली. बाळाची वार खाली आहे, अगदी पिशवीच्या तोंडावर. म्हणजे सीझर ठरलेलं, आणि रक्तही भरपूर जाणार. सकाळी उगाच बोलले तिला.

१४ मार्च
दार लावून, डोळे मिटून उशीला टाके घालत बसले. काही बरे पडले. निभेल. सोमवारी निभेल.

१५ मार्च, रविवार
जेवताना सूनबाई म्हणाली, "आई, माझं सीझर तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मी झोपणार नाही."

तोंडातून निघूनच गेलं, "नको गं बाई. माझ्या बोटांना काही कळत नाहीये."

तिचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाली, "आणि उद्या त्या बाईंचं?"

ताटावरून उठले आणि बाईंना फोन लावला.