ओळख पटल्याशिवाय पाणी नाही

प्रिय ताई,

पार्सल फोडताना शर्ट आधी हातात आला असेल, तर तो तसाच घडी करून बाजूला ठेव. आधी हे वाच. हो, पत्र! चांगली पानं भरून. तू आत्ता आईला हाक मारून सांगत असशील, की भिंगरीला, म्हणजे मला, बहुतेक ताप आलाय. ताप नाही. पोटही ठीक आहे. मोजे जोडीने आहेत, म्हणजे जवळजवळ. विषय तुझ्या त्या पुढच्या शिक्षणाचा आहे. विद्यापीठाने जागा दिलीय, महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय, आणि तू 'नाही' कळवणार आहेस. कोणी सांगितलं म्हणून विचारू नकोस, घरात तुम्ही दोघीच आहात. तुझं 'नाही' पोस्टात पडायच्या आत हे तुझ्या हातात पडावं, एवढ्यासाठी मी आज पोस्टापर्यंत धावणार आहे. मी, जो बससाठीही धावत नाही.

घर सोडल्यापासून आपला सगळा कारभार शर्टांवर चाललाय. जिथे असेन तिथला डाग पडलेला शर्ट मी पाठवायचा, आणि मी कुठे आहे, काय करतोय, ते तू ओळखायचं. बोटी रंगवत होतो तेव्हा तू लिहिलंस, वर डांबर आहे, खाली गंज आहे, आणि डाग ओढल्यासारखा दिसतोय म्हणजे तू शिडीवरून घसरलायस, गुडघा डॉक्टरला दाखव. गुडघ्याचं मी आईलाही सांगितलं नव्हतं! अक्रोडाच्या बागेतून शर्ट आला, तर म्हणे हे हिरव्या सालीचे ठसे आहेत, ते आता शर्टाबरोबरच जातील, आणि तू तिथे कामाला आहेस की खायला? (खायला.) बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांबरोबर फिरत होतो तेव्हाचा सरस आणि सोनेरी रंगही तू सोडला नाहीस. त्या खेळात मी राक्षसाचा डावा हात हलवायचो, ते एक वेगळंच प्रकरण आहे. एकदा तो हात राजकन्येच्या केसांत अडकला आणि सबंध अंकभर राक्षस तिची वेणी घालत असल्यासारखा... असो. ते नंतर कधीतरी. लोकांची भावंडं एकमेकांना 'कसा आहेस' विचारतात, आपल्याकडे बाही सांगते.

आणि हे सगळं आईच्या त्या एका नियमावर उभं आहे. आपल्या लाँड्रीच्या काउंटरवर आपली डोकी दिसायला लागली त्याआधीच तो आपल्याला पाठ झाला होता: ओळख पटल्याशिवाय डागाला पाणी दाखवायचं नाही. रक्ताला गरम पाणी लागलं की ते कायमचं बिऱ्हाड करतं, शाई घासली की हातपाय पसरते. म्हणून आधी थांबायचं, बघायचं, विचारायचं. यातलं थांबायचं मला कधीच जमलं नाही. तुला विचारायचं इतकं जमलं, की गिऱ्हाइकं सांभाळता सांभाळता आईच्या नाकी नऊ आले. आठवतं ना, डॉक्टरांच्या बायकोने त्यांचा कोट आणला होता आणि तू, केवढीशी, चार माणसांत म्हणालीस, काकू, हे चॉकलेट आहे, आणि आजचंच आहे. काकू म्हणाल्या, अगं, त्यांना तर गोड बंद आहे! आईने तुझ्या डोक्यावरून टॉवेलांचा गठ्ठा पुढे सरकवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर डॉक्टर कोट स्वतः आणून द्यायला लागले. तेही बायकोची पाठ वळल्यावर.

आणि तो खिडकीचा उद्योग! दुकानातल्या निळ्या पडद्याला घडीवरच फिकट पट्टे का पडले, हे तुला कोणी सांगेना. आई म्हणाली, तुझ्या 'का'ला उत्तरं देत बसले तर कपडे कोण धुणार? मग तू घरातल्या सगळ्या चिंध्या गोळा करून खिडकीत मांडल्यास, अर्ध्यावर पुठ्ठा, अर्ध्यावर ऊन. आईला पुसायला फडकं मिळेना. माझा लाल रुमालही त्यात शहीद झाला. कुठला रंग उन्हाला आधी शरण जातो आणि कुठला अडून बसतो, हे तू मला रोज सकाळी दाखवायचीस, आणि मी रोज म्हणायचो, मग? आज कबूल करतो, मला ते आवडायचं. डागांपेक्षा तुझं तोंड बघायला जास्त आवडायचं. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आईबापांचं होतं ना, तसं.

आता मुद्द्यावर येतो, इतका वेळ त्याच्याभोवती भिंगरीसारखा फिरतोय. मागचा शर्ट. मी मधमाश्या पाळणाऱ्या एका आजोबांकडे कामाला होतो. थंडी सरल्यावर पहिल्यांदा ऊन पडलं, आणि पेट्यांत कोंडलेल्या माश्या सगळ्याच्या सगळ्या बाहेर पडल्या. ताई, त्या थंडीभर थांबून राहिलेल्या असतात. म्हणजे, पोट घट्ट धरून. त्या दिवशी माझा पांढरा शर्ट दोरीवर वाळत होता. तासाभरात त्यावर पिवळ्या ठिपक्यांची अशी काही नक्षी उठली, की मी टाळ्याच वाजवल्या. आजोबा म्हणाले, शर्ट खराब झाला आणि हा नाचतोय! मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, हा माझ्या बहिणीला हरवणार आहे. मधमाशीची शी! ही ती सात जन्मांत ओळखणार नाही. तसाच बांधला, पाठवला, आणि रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहायला लागलो.

आलं तुझं कार्ड. 'शर्ट मिळाला. धुऊन इस्त्री करून ठेवला आहे. आईचा खांदा बरा आहे. स्वेटर घालत जा.'

धुऊन! मी ते कार्ड उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का. न ओळखता धुतलास? साधा अंदाजसुद्धा नाही, हळद की परागकण की काय? मी त्या पेट्यांमध्येच खाली बसलो. एक माशी मानेवर चावली, तीही नंतर कळली. आईला फोन लावला. विचारलं, ताईला झालंय काय? आई आधी नेहमीसारखं काही नाही, काही नाही करत राहिली, मग एकदम म्हणाली, अरे, तिला जुन्या कापडांच्या रंगांवर शिकायला बोलावलंय, दोन वर्षं, आणि ती म्हणते आईचा खांदा दुखतो, मी नाही जाणार. मी जा म्हटलं की हातात बादली घेते आणि मागच्या खोलीत जाते. वर म्हणते, शिकून काय व्हायचंय, डाग काय मी आत्ताही काढतेच.

पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायला मी म्हणजे अगदीच योग्य माणूस. मी कॉलेज सोडलं की कॉलेजने मला, यावर अजून दोन्ही बाजूंचं एकमत नाही. त्यामुळे दोन वर्षांनी तुला मोठी नोकरी लागेल की नाही, ते मला विचारू नकोस. कदाचित नाही लागणार. पण ताई, डाग काढणं आणि तो का पडतो, रंग का उडतो हे विचारणं, यातला फरक मला तूच शिकवलास. काढणं आपल्या दुकानात होतं. विचारणं तू खिडकीत केलंस, चिंध्यांवर, कारण दुसरी जागा नव्हती. आता कोणीतरी तुला मोठी खिडकी देतंय. तिथे शेकडो वर्षांची कापडं असतील, आणि तू त्यांना 'का' विचारलंस म्हणून कोणी तुझ्यापुढे टॉवेल सरकवणार नाही. मला त्या शर्टाचं वाईट नाही वाटलं. तू विचारायचं थांबलीस, याची भीती वाटली. वेड्यासारखी.

राहिला आईचा खांदा. तो खरा आहे, ते मलाही कळतं. आता तो शर्ट घे. उजेडात धर. छातीच्या डाव्या बाजूला बघ. टोकदार, तपकिरी, होडीसारखा आकार, कडेला पिवळा. ओळखलंस ना? ओळखणारच. तू म्हणायचीस तसं, हा डाग नाही, ही जखम आहे, ही धुऊन जात नाही. तुझं कार्ड आल्यावर मी माश्यांचा निरोप घेतला (त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही) आणि जवळच्या गावात हॉटेलच्या धुलाईखान्यात लागलो. तिथल्या मुख्य बाईला आम्ही वाफबाई म्हणतो. तिने पहिल्या दिवशी माझी इस्त्री पाहिली आणि म्हणाली, तू आधी तुझेच कपडे जाळ, पाहुण्यांचे नंतर. म्हणून हा बिचारा. आता मला सगळं येतं, ताई. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग अंग. आईने फोनवर परीक्षा घेतली, कॉलर आधी उलटीकडून की सुलटीकडून? उलटीकडून! पास झालो. मग म्हटलं, ताई शिकून येईपर्यंत दुकान मी सांभाळतो. म्हणाली, तू आणि दोन वर्षं एका जागी? तुला काउंटरला बांधून ठेवावं लागेल. म्हटलं बांध, पण तोंड रस्त्याकडे कर. सारं गाव डाग घेऊन दारात येणार असेल तर मी कशाला फिरू? त्या सोनेरी रंगाचं कोडं तू घरबसल्या सोडवलंस, मला त्यासाठी राक्षस व्हावं लागलं होतं. पार्सलच्या मागोमाग मी येतोय. 'ताईला आधी सांगू नकोस' हेही आईनेच बजावलं, नाहीतर म्हणे ती आता तुझीही काळजी करत बसेल. म्हणून मी सांगत नाही, नुसतं लिहितोय. मी दारात उभा राहीन तोवर तुझं 'हो' गेलेलं असू दे. आणि तिथे प्रयोगशाळेत जो काही पांढरा कोट मिळेल, तो पहिल्या डागाला इकडे पाठव. धुऊ नकोस, आणि कसला आहे ते सांगू नकोस. आता ओळखायची पाळी माझी.

एका जागी थांबायला निघालेला,
तुझाच भिंगरी