निम्म्या किमतीत सोल्वेग

प्रिय सोल्वेग,

रोज सकाळी फ्रिजवरच्या रेडिओतून तू आमच्या स्वयंपाकघरात येतेस, हवामान सांगतेस, गाणी लावतेस, आणि गावाला वाटतं की या दोघी बहिणींचं बोलणं होतंच की. पण बोलतेस तू एकटीच. आज माझी पाळी. आधीच सांगून टाकते, मी तुझ्यावर जळते. शाळेच्या नाताळच्या नाटकात देवदूताची भूमिका तुला दिली आणि मला मेंढी केलं, तेव्हापासून जळते. केस पिकले तरी ते काही गेलं नाही. हसू नकोस गं!

इकडे थंडी पडायला लागलीय. तळ्याच्या काठाला पहाटे बर्फाची साय धरते. शेजारच्या व्हर्लिनने तळं गोठायच्या आत त्याचा होडी बांधायचा लाकडी धक्का पाण्यातून ओढून बाहेर काढला, आमचाही काढून दिला. तू फोन केलास की मी ‘आई ठीक आहे’ म्हणून ठेवून देते. तशी ती ठीकच आहे. जेवते, झोपते. तिला भरवते मी, तिचे केस विंचरते मी, पण कौतुक कुणाचं? तुझं! ‘आज बर्फ पडेल’ असं तू म्हणालीस की लगेच बूट मागते. मी खिडकीतून पडणारा बर्फ दाखवला तरी म्हणते, ‘सोल्वेग काही बोलली नाही त्याबद्दल.’ मी चमचा तोंडाशी नेला की मला गप्प करते, ‘श्श! माझी पोरगी बोलतेय.’ अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या.

त्यात तुमच्या केंद्राचा वर्गणीचा आठवडा आला. आम्हाला सवय आहे गं, दर शरद ऋतूत तुम्ही गाणी थांबवून सभासद व्हा, सभासद व्हा म्हणून मागे लागता. पण आईला या वर्षी त्यातलं काहीच आठवेना. ‘तुमच्याशिवाय आमचं चालणार नाही, आत्ता फोन करा,’ असं तू म्हणालीस आणि ती ताडकन उठली. ‘बाई, ऐकलंत का? पोरगी लोकांपुढे हात पसरतेय आणि तुम्ही लापशी ढवळत बसलात?’ मी म्हटलं, अगं, यांचं केंद्र रेडिओ आणि टीव्ही दोन्ही लोकांच्या वर्गणीवरच चालवतं, तशी पद्धतच आहे. तेवढ्यात तू सांगितलंस की नव्या लोकांना सभासदत्व निम्म्या किमतीत. झालं! ‘निम्म्या किमतीत विकायला काढलं माझ्या पोरीला! शिळ्या पावासारखी!’ कोट घातला, पर्स घेतली आणि घरातल्या सपातांवर निघाली थेट व्हर्लिनकडे. मी मागून धावतेय.

व्हर्लिन बिचारा तुमच्याच टीव्हीवरचा मासेमारीचा कार्यक्रम बघत होता. ‘किती वर्षं फुकट बघतोस रे? लाज नाही वाटत?’ अशी त्याची हजेरी घेतली तिने. त्याने मुकाट्याने फोन लावला. परत येताना आई माझ्या हाताला धरून चालत होती आणि सगळ्या वाटेने तुझंच चाललं होतं. माझ्यासाठी ती कधी अशी सपातांवर धावली असती का? असं मनात आलंच.

व्हर्लिन म्हणाला, यंदा पुरेसे सभासद झाले नाहीत तर तुझा सकाळचा कार्यक्रम बंद करून लांबच्या शहरातला कुठला तरी तयार कार्यक्रम लावणार आहेत. खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे एकदाची ती पेटी गप्प, मग तरी आई माझ्याकडे बघेल.

आणि गुरुवारी ती गप्प झालीच. वादळाने वीज गेली. मी मेणबत्ती लावली, तिच्या आवडीची दालचिनीची लापशी केली, समोर बसले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोट घालून बंद रेडिओसमोर बसून राहिली. दुपारी हळूच म्हणाली, ‘बाई, तुम्ही चांगल्या आहात हो. पण या घरात माझ्या ओळखीचं आता कुणी उरलं नाही.’

वीज आल्यावर मी तुमच्याकडे फोन केला. हो, मी! निम्म्या किमतीतच झाले सभासद, चिडवू नकोस. फोनवरच्या मुलीने विचारलं, भेट म्हणून कॉफीचा मग हवा की कापडी पिशवी? मी म्हटलं, काही नको, नव्या सभासदांची नावं सोमवारी रेडिओवर सोल्वेगच वाचते ना, एवढंच सांग.

सोल्वेग, उन्हाळ्यापासून आई मला ओळखत नाही. तिला मी कुणी कामाला ठेवलेली बाई वाटते. मी कितीदा सांगितलं, फोटो दाखवले, तिचा विश्वास बसत नाही. पण तू सांगितलेलं तिला सगळं खरं वाटतं. तेव्हा सोमवारी माझं नाव इतरांसारखं भरभर वाचून टाकू नकोस. थोडी थांब आणि आईचं नाव घेऊन सावकाश म्हण : आर्डिस, बोर्गहिल्डची थोरली मुलगी. आई, ती तुझ्या समोरच बसली आहे. मी लापशी घेऊन बसलेली असेन.

तुझीच, अजूनही जळणारी,
आर्डिस