होडीचे कलम

५ जून

सभागृह दणाणले! बाळंतिणीला दहा दिवसांच्या आत परिचारिकेने घरी जाऊन बघायचे – हा कायदा सरकारने बेटांच्या देशातून जसाच्या तसा उचलला. नववे कलम: ‘परिचारिकेस होडी मोफत.’ आमच्याकडे ओढासुद्धा धड वाहत नाही! विरोधी बाकावरून मी म्हणाले, “होडी आणलीत, आता पाणीही मागवा! उसन्या अंगरख्याने कुणी राजा होत नाही!” टाळ्या थांबेनात.

६ जून

ताईने पेपर घडी घालून ठेवला. तेवीस वर्षे परिचारिका आहे ती. “हसवलंस छान. गेल्या महिन्यात माझ्या वस्तीतली एक पोर आठव्या दिवशी तापाने गेली. बाळंत झाल्यापासून कुणी डोकावलं नव्हतं. होडी नको तर नको गं. दार तरी वाजवू दे कुणाला.”

९ जून

विधेयक फाडायला दारूगोळा हवा, म्हणून ग्रंथालयात मूळ कायदा काढला. थक्क झाले! बेटांनीही तो उसनाच आणलेला – डोंगरी देशातून. तिथे होडीच्या जागी खेचर. डोंगरवाल्यांनी आणला बर्फाच्या देशातून, तिथे घसरगाडी! वाहन बदलत गेले, बाळंतीण तीच, दहा दिवस तेच. एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या माणसांनी एका बाईच्या तापाची काळजी हातोहात पुढे दिली! ग्रंथपाल दोनदा जेवायला बोलावून गेले. उठवेना.

आणि आम्ही? होडी खोडायचेही कष्ट घेतले नाहीत. मी तर नुसती हसले.

१० जून

ताईला विचारले, होडीच्या जागी काय लिहू?

भाजी निवडता निवडता म्हणाली, “शेजारीण. एकटी गेले तर सासू उंबऱ्यावरूनच कटवते. शेजारीण सोबत असली की आत घेते.”

तशीच दुरुस्ती लिहिली.

१६ जून

पक्षाविरुद्ध उभी राहून बोलले. जीव ओतून. दुरुस्ती मंजूर झाली! मग आमचाच प्रतोद उठला – “बाईंचंच वाक्य ऐकवतो. उसन्या अंगरख्याने कुणी राजा होत नाही!”

हशा. विधेयक तीन मतांनी पडले.

माझ्याच जिभेने.

१७ जून

ताई फेरीला गेली. एक शेजारीण सोबत घेऊन.

२ मार्च

बेटांच्या देशातून पत्र! ‘होडी पोचायची, दार उघडत नव्हते. आपल्या विधेयकातली शेजारीण आम्ही कायद्यात घेतली आहे.’

ताईने दोनदा वाचले. चष्मा पुसला.

“मग आता जा,” म्हणाली, “तिकडून उसनी मागून आण.”