आईंच्या खोलीतला रेडिएटर

विब्के,

रेडिएटरचे व्हॉल्व्ह बदलायला आज माणूस येईल. माझ्या वतीने माफी मागून त्याला परत पाठव. जुनेच व्हॉल्व्ह ठेवू. तुझं म्हणणं बरोबर होतं.

आईंच्या खोलीतला व्हॉल्व्ह मी सकाळी काढून पाहिला. आतली पिन अडकून बसली होती. पकडीने हलकेच हलवताच ती सुटली, गरम पाणी आत येऊ लागलं आणि रेडिएटर तापू लागला. उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवायचे असतात, नाहीतर पिन अशी अडकते. बचतीच्या नावाखाली मीच ते घट्ट बंद करायला लावले होते.

आई थंडीची तक्रार करत, तेव्हा मी त्यांना पॅसेजमधलं तापमान वाचून दाखवत असे. "हेनिंग, मी पॅसेजमध्ये झोपत नाही," असं त्या म्हणाल्या, तर मी तो वयाचा परिणाम ठरवला. त्यानंतरच त्या बॅग भरून तुझ्या बहिणीकडे गेल्या.

त्यांना आणायला मी लाइपझिगला तिच्या घरी जातो आहे. आधी फोन केलेला नाही. फोनवर मी स्पष्टीकरण देऊ लागतो, आणि ते त्यांनी पुरेसं ऐकलं आहे. त्या परत येतील असं मानायला माझ्याकडे कोणताही आधार नाही. तरी त्यांची खोली गरम ठेव.

हेनिंग